हे आलं कुठून?

गरोदर बाईच्या रिपोर्टवर ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, असं लिहून आलं की घरातलं कुणीतरी आधी हेच विचारतं, “हे आलं कुठून?” सासू विचारते, नणंद विचारते, कधी नवराच विचारतो. विचारण्याच्या सुरावरून कळतं की उत्तर मनात ठरलेलं आहे. पोरीनं माहेराहून आणलं, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. बाळाला काय होईल, त्यासाठी काय करायचं, हे सगळं नंतर. पुष्कळदा फार नंतर.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. नोकरीतली बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये गेली. आता निवृत्त आहे, पण गल्लीतल्या, नात्यातल्या पोरी अजून फाईल घेऊन येतात, “मावशी, बघा ना काय लिहिलंय” म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यांच्या सासवांनी वाचलं तर अधिक बरं.

नाव नोंदवायला आलेल्या बाईचं रक्त एकदाच घेतात आणि त्यातून सगळं बघतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे आपण ज्याला कावीळ ब म्हणतो ते. त्याची पट्टी असते, बोटभर लांबीची, प्लास्टिकच्या खोक्यात बसवलेली. एका टोकाच्या खळग्यात सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचे, दोन-तीन थेंब टाकायचे. ओल पट्टीवरून सरकत जाते आणि ‘सी’ या अक्षरापाशी गुलाबी रेघ उमटते. ही उमटायलाच हवी, नाही उमटली तर पट्टी बाद. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ‘टी’पाशी दुसरी रेघ आली की पॉझिटिव्ह. कधी ती इतकी फिकी असते की खिडकीशी नेऊन तिरकी धरून बघावी लागते. फिकी असली तरी तिला रेघच म्हणायचं. जुन्या लॅबच्या कागदांवर या तपासणीला अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहितात. बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६०च्या दशकात या विषाणूचं प्रथिन ऑस्ट्रेलियातल्या एका मूलनिवासी माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात सापडलं, त्यावरून ते नाव पडलं. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, तोच जागतिक हिपॅटायटिस दिन. आपल्या सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ साली त्याच तारखेला सुरू झाला. तपासणी आणि औषधं त्यात मोफत आहेत, हे अजून कितीतरी घरांना ठाऊक नाही.

पॉझिटिव्ह आलेली पोर दिसायला ठणठणीत असते. डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही, दोन भाकरी जातायत, मग कावीळ कसली, असं घरचे म्हणतात. नाहीतर एकदम दुसरं टोक गाठतात आणि तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. तो चुन्याच्या पाण्यात हात चोळून पाणी पिवळं करून दाखवतो, डोक्यावर काड्यांची माळ ठेवतो आणि तेल-तूप बंद करायला सांगतो. सातव्या महिन्यातल्या बाईचं तेल-तूप बंद! त्या माळेनं विषाणू जात नाही, आणि त्या पथ्यानं पोटातल्या बाळाचं वजन मात्र मागे राहतं.

आपल्या बायकांना गरोदरपणातल्या काविळीची धास्ती वाटते ती उगाच नाही. ती धास्ती हिपॅटायटिस ईची आहे. घाण पाण्यातून पसरणारा हा आजार इतरांना सहसा तीन-चार आठवडे झोपवून सोडून देतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर पाचांतली एक दगावू शकते, असं साथींमध्ये दिसलं आहे. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून जी साथ आली, तिच्यात एकोणतीस हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली होती, आणि गरोदर बायकांचे सगळ्यात जास्त हाल झाले. ती कावीळ पाण्यातून येते आणि लगेच जीव घेते. बीचं तसं नाही. तो रक्तात शिरला की काहींच्या बाबतीत जन्मभर मुकाट राहतो. एकाची भीती दुसऱ्याला लावली की घरचे बाईचं ताट वेगळं करतात, पेला वेगळा करतात. बी ताटातून पसरत नाही. एका ताटात जेवून, जवळ बसून, मिठी मारून, बाळाची पापी घेऊन पसरत नाही. रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो.

आता त्या प्रश्नाकडे येते. या विषाणूची एक गोष्ट नीट समजून घेतली तर घरातली निम्मी भांडणं मिटतील. मोठ्या वयात लागण झाली तर शंभरांतल्या पंच्याण्णव जणांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. पाचएक जणांत तो मुक्काम ठोकतो, कधी तेवढ्यांतही नाही. जन्मताना लागण झाली तर उलटं होतं, शंभरांतल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो. नवजात बाळाच्या शरीराला हा परका आहे हे ओळखताच येत नाही, ते त्याच्याशी लढतच नाही. मग वीस-पंचवीस वर्षं काही कळत नाही. पोरगी वाढते, शाळेत जाते, तिचं लग्न होतं, आणि पहिल्या खेपेला रक्त तपासलं की ती रेघ उमटते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासूनही तेच आलं तर दीर्घकाळचा संसर्ग म्हणतात. तरण्या बाईत असा जुना संसर्ग सापडला तर तो बहुधा तिच्या जन्मातला असतो किंवा अगदी लहानपणचा. आईकडून आलेला, घरातल्या कुणाच्या ब्लेडचा, नाहीतर एकच सुई उकळून, न उकळून पाच जणांना टोचणाऱ्या कुणा डॉक्टरकडचा. २००९ साली गुजरातेत मोडाशाला वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्यानं हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं पटापट दगावली, ही फार जुनी गोष्ट नव्हे.

आपल्याकडे सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ला काही ठिकाणी प्रायोगिक म्हणून आली आणि सगळ्या देशात पोचली २०११ साली. म्हणजे आज विशी-पंचविशीत बाळंतपणाला येणारी प्रत्येक पोर त्याच्या आधी जन्मलेली आहे. त्यांच्या जन्माच्या रात्री त्यांच्या दवाखान्यात ही सुई बहुधा नव्हतीच, आणि ज्या घरी जन्मल्या त्यांचा तर प्रश्नच नाही. या पोरींनी काही केलेलं नाही. त्यांच्या आयांनीही नाही. हे मी लेबर रूमच्या दारात उभं राहून इतक्या सासवांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य असायचं, “आता नवऱ्यालाही तपासायला पाठवा.” त्यावर जी शांतता पसरायची, तिचा मला फार राग यायचा. बाईचं रक्त नऊ महिन्यांत किती वेळा काढतात, आणि गड्याला एकदा दंडाला पट्टा बांधायचा तर घर गप्प होतं. तो पॉझिटिव्ह असू शकतो. नसला तर त्याला लस देऊन वाचवायचा आहे, एवढं साधं त्यातलं गणित आहे.

गरोदरपणावर याचा परिणाम काय होतो, असं पोरी विचारतात. लिव्हर शाबूत असेल तर बहुतेकींचं गरोदरपण नीट पार पडतं. बाळात व्यंग येत नाही. दिवस भरायच्या आधी प्रसूती होणं, गरोदरपणात साखर वाढणं यांचं प्रमाण थोडं जास्त असतं असं काही अभ्यासांत आलंय, काहींत आलेलं नाही. ज्या बाईला आधीच सिरोसिस झालाय, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी व्हायला लागलंय, तिची गोष्ट मात्र गंभीर. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून तिला रक्ताची उलटी होऊ शकते, तिचं बाळंतपण मोठ्या ठिकाणीच व्हायला हवं. म्हणून रिपोर्ट आला की रडत बसण्याआधी एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी), प्लेटलेट आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यायची. त्यावरून कळतं लिव्हर कुठवर आलंय ते.

दुसरं बघायचं ते रक्तात विषाणू किती आहेत. ‘ई अँटिजेन’ नावाची आणखी एक तपासणी असते. ती पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या बाळाला काहीच उपाय केला नाही, तर शंभरांतल्या सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते. निगेटिव्ह असली तर दहा ते चाळीस. रक्ताच्या दर मिलीत विषाणूंचा आकडा दोन लाखांच्या वर असेल किंवा ई अँटिजेन असेल, तर आईला विषाणू दाबणारी टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात, रोज एक. आजवर ती साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली म्हटलंय की याहून आधी, दुसऱ्या तिमाहीपासूनच द्यावी, आणि जिथं या तपासण्या होत नाहीत तिथं पॉझिटिव्ह असलेल्या सगळ्याच गरोदर बायकांना ती देता येईल. चीनमध्ये विषाणूंचं प्रमाण फार जास्त असलेल्या दोनशे आयांवर अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. गोळी नीट घेतलेल्या आणि शेवटपर्यंत अभ्यासात राहिलेल्या आयांच्या एकाही बाळाला लागण झाली नव्हती. गोळी न घेतलेल्यांत, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडींची सुई) देऊनही, शंभरांतल्या सातएक बाळांना झाली होती. गोळी गरोदरपणात सुरक्षित आहे. “पोटात बाळ असताना औषध नको” म्हणून ती फडताळात ठेवून देणाऱ्या आज्ज्यांना मी हे शांतपणे सांगते, पुन्हा पुन्हा सांगते.

बाळाला लागण होते ती मुख्यतः जन्माच्या वाटेत. पोटात असताना क्वचित. कळा, रक्त, पाणी या सगळ्यातून ते येतं आणि त्याच्या अंगावर आईचं रक्त असतं. म्हणूनच जन्मानंतर दिलेली लस उपयोगी पडते. कुत्रा चावल्यावर रेबीजची सुई घेतो तसंच हे: विषाणू शिरलेला असतो, पण तो हळू चालणारा आहे, त्याला लिव्हरमध्ये मूळ धरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लसीनं शरीराला जागं करायचं असतं. हा वेळ फुकट घालवायचा नाही. पहिली सुई चोवीस तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, ते शक्यतो बारा तासांत. नुसत्या लसीनं शंभरांतली सत्तर-पंच्याहत्तर बाळं वाचतात, दोन्ही दिलं तर नव्वदच्या आसपास.

हातानं हे कसं करतात तेही सांगते, कारण पोरींना वाटतं बाळाला काहीतरी भयंकर करणार आहेत. बाळ रडलं, आईच्या अंगावर ठेवलं, नाळ कापली की मी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं त्याच्या मांड्या पुसायचे. जांघेची घडी उलगडून, गुडघ्याच्या मागे, नीट. कातडीवर आईच्या रक्ताचा थेंब राहिला तर सुईच्या टोकाबरोबर तोच आत जाईल. व्हिटॅमिन केची सुईसुद्धा पुसल्याशिवाय टोचायची नाही. मग मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, मध्यावर, चिमटीत धरून एका मांडीत अर्धा मिली लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. दोन्ही एका जागी टोचायची नाहीत. बाळ तारस्वरात ओरडतं, आई घाबरून मान वळवते, आणि लगेच त्याला छातीशी लावलं की गप्प होतं. छातीशी लावायचंच. हिपॅटायटिस बी असलेल्या आईनं बाळाला पाजायला काही हरकत नाही. किती बायकांचं दूध याच भीतीनं पिळून फेकून द्यायला लावलं आहे लोकांनी! नुसत्या या आजारापायी सिझर करायचीही गरज नाही.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ही सुई चुकू नये, पण चुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली शंभरांतली जवळपास पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. म्हणजे ते चोवीस तास बाळ आमच्या डोळ्यांसमोरच असतं. तरी चुकतं, कारण एका कुपीत दहा बाळांची लस असते आणि एका बाळासाठी कुपी फोडायला हात धजत नाही. रविवारी लसीकरणाची सिस्टर नसते. ‘बीसीजी आणि पोलिओबरोबर सोमवारी देऊ’ म्हणतात. बीसीजीची कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे बाळं जमेपर्यंत थांबायची सवय लागलेली असते, आणि तीच सवय या लसीलाही लागते. हिपॅटायटिस बीची उघडलेली कुपी नीट थंडीत ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते. थांबायचं कारणच नाही. आणि एक, नव्या पोरींना मी नेहमी सांगायचे: ही लस फ्रीजच्या बर्फाळ भागाला चिकटवू नका. थोडी ऊब ती सोसते, गोठली की कायमची वाया गेली. तिच्यातला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार गुठळ्या धरतो, हलवून धरली की खाली गाळ बसतो.

वजन दोन किलोच्या आत असलेल्या बाळालाही, आई पॉझिटिव्ह असेल तर, थांबवायचं नाही. तो डोस मोजायचा नाही एवढंच, पुढचे तीन पूर्ण द्यायचे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीत, ते आपोआप मिळतात.

आमच्या भागात याहून मोठी अडचण वेगळी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पोर माहेरी येते, आणि तिची फाईल सासरी राहते. कधी विसरून, कधी मुद्दाम, माहेरच्यांना कळू नये म्हणून. कधी माहेरच्यांना माहीत असतं आणि सासरी लपवलेलं असतं. मग कळा सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता आम्ही नव्यानं रक्त काढायचं. त्यात ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, बाहेर पडतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवस गेलेल्या बाईलाही फडावर जावंच लागतं. तिची तपासणी एका गावाला, सोनोग्राफी दुसऱ्या गावाला, बाळंतपण कुठं होईल ते गाडीवानालाही ठाऊक नसतं. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, भांड्यांच्या गाठोड्यात दडपलेलं.

निवृत्तीच्या आधीच्या हंगामात अशीच एक पोरगी फडावरून परत आली, पिकअपमध्ये बसून, कळा देत. सासू बरोबर होती. आम्ही तिला टेबलावर घेतलं, सासूला बाहेर थांबवलं. पोरीनं माझा हात धरून खाली ओढलं आणि कानात सांगितलं, “सिस्टर, माझ्या रक्तात ते कावीळ ब हाय. आशाताईनं सांगितलंय बाळाला सुई लागती. ह्यांच्या आईला सांगू नका.” कार्डावर काही नव्हतं. तिला माहीत होतं म्हणून आम्हाला कळलं. लस आमच्या फ्रीजमध्ये होती, बाळ जन्मताच दिली. इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. ते हिपॅटायटिसच्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, पण मध्यरात्री तालुक्याच्या फ्रीजमध्ये असेलच असं नाही, आणि बाहेर घ्यायचं तर काही हजार मोजावे लागतात. जिल्ह्याला फोन केला. तिचा दीर व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवायचा डबा, घेऊन मोटरसायकलवर गेला आणि सकाळी परत आला. आठ वाजायच्या आत दुसऱ्या मांडीत सुई गेली. दिराला काय आणायचंय ते मी सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

याच बाईला तिच्या पहिल्या खेपेला एका खाजगी दवाखान्यात “आमच्याकडे हे होणार नाही, मोठ्या ठिकाणी जा” म्हणून फाटकातून परत पाठवलं होतं. फाईलवर लाल शाईनं मोठं लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित करून. हातमोजे प्रत्येक बाळंतिणीसाठीच घालायचे असतात. जिची तपासणीच झाली नाही तिच्या रक्ताला आम्ही काय सुरक्षित समजायचं? दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं, सफाईच्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत, शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तीन डोस घेतलेले असावेत. घेतलेले असले की बाईला परत पाठवायचं निमित्त उरत नाही.

जोर लावला तर काय होतं ते तैवाननं दाखवलं आहे. पामर बीस्ली या अमेरिकन डॉक्टरनं तिथं राहून सत्तरच्या दशकात आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचा अभ्यास केला, आणि या विषाणूचा लिव्हरच्या कॅन्सरशी असलेला संबंध हजारो सरकारी नोकरांचं रक्त तपासून सिद्ध केला. १९८४ साली तैवाननं पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना लस सुरू केली, १९८६पासून सगळ्या बाळांना. आधी तैपेईतल्या शंभर मुलांपैकी दहाएक पॉझिटिव्ह असायची. वीस वर्षांत ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. सहा ते चौदा वयाच्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर दहा वर्षांत निम्म्यावर आला. आपल्याकडे लस परवडायला लागली ती हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली देशी लस बाजारात आणल्यावर. त्याआधी परदेशी लसीची किंमत ऐकून माणूस मागे सरायचा. आज पैशाची अडचण राहिलेली नाही. तरी २०२२ साली भारतात हिपॅटायटिस बीचे दोन कोटी अठ्ठ्याण्णव लाख लोक होते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि जगभरातल्या निम्म्याहून अधिक बाळांना जन्माच्या दिवसाची सुई अजून मिळत नाही.

हिपॅटायटिस सीबद्दलही विचारतात, तेवढं सांगून टाकते. त्याला लस नाही. आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण कमी, शंभरांत पाच-सहा. त्याच्या गोळ्या गरोदरपणात देत नाहीत, पण बाळंतपणानंतर बहुतेकदा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. शक्य असेल तर मूल होऊ देण्याआधीच तपासून बरं होऊन घ्यावं. बाळाची अँटिबॉडी तपासणी अठरा महिन्यांनंतर करायची, त्याआधी आईच्याच अँटिबॉडी दिसतात. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस त्या बाजूचं पाजू नये.

बाळ जन्मलं, सुया झाल्या, सगळे पेढे वाटायला गेले, की आईकडे बघायचं राहून जातं. नऊ महिने तिचं शरीर थोडं दबून असतं. बाळंतपणानंतर ते जागं होतं आणि लिव्हरमधल्या विषाणूवर तुटून पडतं. त्यात लिव्हर सुजतं. काही आठवड्यांनी तिला थकवा येतो, मळमळतं, डोळे पिवळे होतात, आणि घरात म्हणतात ‘बाळंतरोग’ झाला. गोळी बाळंतपणानंतर बंद केली असेल तर हे जास्त दिसतं. म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, आणि बाळंतपणानंतर सहा महिने एसजीपीटी तपासत राहायचं. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही म्हणून रक्त तपासायचं टाळू नये. बाळाचंही पुढं बघायचं असतं. सगळे डोस झाल्यावर, बाळ नऊ महिन्यांचं झालं की, त्याचं रक्त तपासतात, विषाणू आहे का आणि लसीचं संरक्षण उमटलंय का. इथवर येणाऱ्या बायका फार थोड्या. तोपर्यंत पुढचा हंगाम सुरू झालेला असतो.

फडावरून आलेली ती पोरगी मात्र आली. मी तोवर निवृत्त झाले होते, तरी ती घर शोधत आली, कडेवर मुलगा घेऊन. लॅबमध्ये मीच नेलं. मुलगा निगेटिव्ह, आणि लस चांगली लागू पडलेली. मग मी तिला म्हटलं, “आता तुझ्या आईला आण. भावांना आण.” तिच्या आईला तिनं पुढच्या आठवड्यात आणलं. रेघ उमटली, आणि यावेळी फिकी नव्हती. म्हातारीनं ती बघितली, मग लेकीकडे बघितलं आणि मला म्हणाली, “म्हंजी ह्ये मीच दिलं व्हय हिला?” मी तिला सांगितलं की तिला तरी कुणी सांगितलं होतं. लेक जन्मली तेव्हा ती फडावरच होती, खोपटात, सुईण होती एक. कोण सुई देणार होतं?

म्हातारीच्या सोनोग्राफीत लिव्हर खरबरीत आलं. लहानपणीच लागण झालेल्यांपैकी चारांतल्या एकाला पुढं सिरोसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर गाठतो, ते कशाला म्हणतात हे तिच्याकडं बघून समजतं. थोरला भाऊ पॉझिटिव्ह निघाला, धाकटा निगेटिव्ह. धाकट्याला आणि त्या पोरीच्या नवऱ्याला तीन-तीन डोस दिले. नवऱ्याला आणायला दोन महिने लागले, तो त्याच्या सासूच्या, म्हणजे म्हातारीच्या, आजारपणामुळं आला. पोरीच्या सासूबाईंना सगळं कळलं ते तेव्हा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग बाही वर करून म्हणाल्या, “माझंबी घ्या.” त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

म्हातारी आता टेनोफोव्हिरवर आहे. सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते. गोळ्या दर महिन्याला जिल्ह्याहून आणाव्या लागतात, आणि बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळं ती लेकाला न पाठवता स्वतःच जाते. मागच्या वेळी शेजारच्या वस्तीतली एक गरोदर सून बरोबर घेऊन गेली होती, रक्त तपासायला.